क्लॅरिनेट दिसले तर कॉन्सर्ट बँड

गणवेश तसाच, समोर छडी घेतलेला मास्तर तसाच, शेवटी वाजणारी मार्चची, म्हणजे संचलनाची, धूनही तशीच. त्यामुळे अमेरिकेतल्या एखाद्या गावचा कॉन्सर्ट बँड आणि इंग्लंडमधला ब्रास बँड लागोपाठ पाहिले, तर फरक चटकन कळत नाही. पुढच्या रांगेत बघा. काळे क्लॅरिनेट आणि फ्लूट दिसले, तर तो कॉन्सर्ट बँड. नुसतं पितळ दिसलं, तर ब्रास बँड. सॅक्सोफोनमुळे फसू नका. तो पितळेचा असला, तरी वाजतो पत्तीवर, म्हणून ब्रास बँडमध्ये त्याला जागा नाही. ट्रंपेटलाही नाही! तिथे ट्रंपेटसारखंच पण मऊ आवाजाचं कॉर्नेट, आणि फ्रेंच हॉर्नच्या जागी टेनर हॉर्न.

(आपल्याकडे वरातीच्या बँडच्या पाटीवर ‘ब्रास बँड’ असतं आणि पुढे चालणारा मास्तर बहुधा क्लॅरिनेट वाजवत असतो. त्या ताफ्याची जातच निराळी.)

वाद्यांपेक्षा मोठा फरक आहे तो बँड कोणी पोसला आणि कोणी चालवला, याचा.

ब्रास बँड वाढला गिरण्या आणि कोळशाच्या खाणींच्या आसऱ्याने. यॉर्कशरमधल्या क्वीन्सबरीत जॉन फॉस्टर या गिरणीमालकाने 1855 मध्ये गावातल्या वादकांना हाताशी धरलं. तोच पुढे गाजलेला ब्लॅक डाइक मिल्स बँड. त्याआधी 1853 मध्येच मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत स्पर्धा सुरू झाल्या होत्या. दिवसभर मागावर राबणाऱ्या माणसाला संगीत शिकायला वेळ कुठला? म्हणून एक नामी सोय झाली. बास ट्रॉम्बोन सोडला, तर कॉर्नेटपासून अजस्र ट्युबापर्यंत सगळ्यांची स्वरलिपी एकाच पद्धतीने लिहायची. कॉर्नेटवाल्याला उद्या ट्युबावर बसवलं, तरी बोटं तीच राहतात. एखादा वादक गळाला, तर शेजारचा त्याच्या जागी सरकतो.

नेतृत्वही स्पर्धेच्या गरजेतून घडलं. रोजचा सराव घेणारा बँडमास्टर गावातला, आणि स्पर्धा जवळ आली की मानधन देऊन आणलेला कंडक्टर बाहेरचा. जॉन ग्लॅडनी, एडविन स्विफ्ट, अलेक्झांडर ओवेन या तिघांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेका वेळी अनेक बँड तयार केले. त्यातही गंमत ग्लॅडनींची. ब्रास बँड चळवळीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात, आणि हा माणूस मुळात मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवणारा!

कॉन्सर्ट बँडची गोष्ट पाहायला पेनसिल्व्हेनियातलं ॲलनटाउन बरं. तिथल्या बँडच्या वादनाची पहिली नोंद 4 जुलै 1828 ची, आणि बँड आजही सुरू आहे. इथे चढाओढ नाही. उन्हाळ्यात वेस्ट पार्कमधल्या मंडपात लोकांसाठी वाजवायचं, सणासमारंभाला हजर राहायचं. त्यामुळे बक्षीस आणणारा पाहुणा कंडक्टर इथे कामाचा नाही. वर्षानुवर्षं वादक टिकवून धरणारा माणूस लागतो. अल्बर्टस मेयर्स यांनी 1926 ते 1976 अशी पन्नास वर्षं हा बँड चालवला. ते नामवंत संगीतकार जॉन फिलिप सूसा यांच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवून आलेले. 1974 मध्ये गावाने आठव्या रस्त्यावरच्या भल्यामोठ्या पुलाला त्यांचं नाव दिलं. बँडमास्तरच्या नावाचा पूल मी तरी दुसरा ऐकलेला नाही. त्यांच्यानंतर 1977 मध्ये रोनाल्ड डेम्की आले, आणि तेही दशकानुदशकं राहिले.

सूसा म्हणजे अमेरिकेचे ‘मार्च किंग’, मार्चच्या धुनांचे राजे. गावोगावच्या अशा बँडांना त्यांच्याकडे पाहूनच बळ मिळालं. मार्च 1932 मध्ये ते ॲलनटाउनजवळच्या रेडिंगला गेले होते ते रिंगगोल्ड बँड या अशाच हौशी मंडळींची तालीम घ्यायला. त्याच मुक्कामी हॉटेलात त्यांचं निधन झालं.

डोळे मिटून फरक ओळखायचा असेल, तर इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्ट ऐका. त्यांनी दोन्हींसाठी लिहिलंय. 1909 चा ई-फ्लॅट या स्वरातला पहिला स्वीट (छोट्या रचनांची मालिका) मिलिटरी बँडसाठी, म्हणजे आजच्या कॉन्सर्ट बँडच्या घराण्यातला. 1928 चा ‘मूरसाइड स्वीट’ निव्वळ ब्रास बँडसाठी, त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेत सगळ्यांना वाजवायला दिलेला. स्पर्धा जिंकली ब्लॅक डाइकनेच.