चौदा दिवसांचे वाळवंट : क्वार्ट्झसाइटच्या फुकट तळांची पार्श्वभूमी

दर जानेवारीत ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट या जेमतेम अडीच हजार वस्तीच्या गावाभोवती आरव्ही गाड्यांची, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या फिरत्या घरांची, नगरे उभी राहतात. प्लोमोसा रोड, डोम रॉक, स्कॅडन वॉश, हाय जॉली, रोड रनर यांपैकी कुठेही मित्रमंडळींनी गाड्या गोलात लावायच्या, मध्ये शेकोटी आणि खुर्च्या मांडायच्या आणि चौदा दिवस एक डॉलरही न देता राहायचे. तळावरच्या स्वयंसेवकाकडे नोंद करून फुकटचा परवाना घेतला की झाले. पाणी, वीज, सांडपाण्याची टाकी, सारे ज्याच्या त्याच्या गाडीत. (हाय जॉली हे नाव १८५६ साली अमेरिकी लष्कराच्या उंटांबरोबर आलेल्या हाजी अली या उंटवाल्याचे. त्याची पिरॅमिडच्या आकाराची समाधी गावातच आहे.)

केंद्र सरकारच्या ताब्यातली ही जमीन मोकळी राहिली ती कुणाच्या औदार्यामुळे नव्हे. १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर मिळत होते, १८७७ च्या कायद्याने वाळवंटात पाणी आणून दाखवणाऱ्याला ६४० एकर. इथे पाणीच नव्हते, त्यामुळे बहुतेक जमिनीवर कुणी हक्क सांगितला नाही. १९३४ मध्ये चराईवर नियंत्रण आले आणि १९४६ मध्ये दोन जुनी सरकारी खाती एकत्र करून ही जमीन सांभाळणारे आजचे खाते, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, झाले. आपल्याकडच्या गायरानासारखी ही जमीन सगळ्यांची होती आणि म्हणूनच तिच्यावर डोळाही सगळ्यांचा होता. १९७६ च्या कायद्याने मात्र जमीन वाटून टाकण्याचे धोरण संपवले आणि ती सर्वसाधारणपणे राष्ट्राकडेच राहील असे ठरवले. आज या खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. मित्रांबरोबर फुकट मुक्काम करता येतो, त्याला खरा कायदेशीर आधार १९७६ च्या या निर्णयाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४४, याच टापूत रणगाड्यांचे प्रशिक्षण चाले. त्या रणगाड्यांचे माग अजून दिसतात, कारण इथली जमीन दिसते तेवढी राकट नाही. वर काळपट, गुळगुळीत खड्यांचा एकच थर असतो, फरशी घातल्यासारखा घट्ट बसलेला. तो चाकाखाली फुटला की खालची मऊ, फिकट माती उघडी पडते आणि वारा तिला उडवत राहतो. फुटलेला थर माणसाच्या आयुष्यात पुन्हा जुळत नाही. आधीच्या गाड्यांच्या चाकोरीतच गाडी लावा, असे जुनेजाणते सांगतात ते यासाठी.

१९६७ मध्ये गावात खडे आणि खनिजांचे प्रदर्शन सुरू झाले. आरव्ही स्वस्त झाल्या, हमरस्ता आला आणि कॅनडा व उत्तरेकडच्या राज्यांतले निवृत्त लोक थंडी टाळायला इकडे येऊ लागले. ते आठवडाभरासाठी येत नसत, सारा हिवाळा मुक्काम ठोकत.

त्यातूनच १९८३ चा निर्णय आला आणि त्यावर आजही दोन तट आहेत. खात्याने ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या सीमापट्ट्यातले काही तळ दीर्घ मुक्कामासाठी राखून ठेवले. लोक आधीपासून जिथे उतरत होते, जिथे रस्ते झाले होते, तीच ठिकाणे निवडली. क्वार्ट्झसाइटला खेटून असलेला ला पोसा हा त्यांतला सर्वांत परिचित, ११ हजार एकरांहून मोठा. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगाम आणि त्याचे शुल्क कित्येक वर्षे १८० डॉलर होते, म्हणजे दिवसाला एक डॉलरही नव्हते. ला पोसात पाणी, कचराकुंड्या आणि टाकी रिकामी करायची सोय मिळते. काही तळांवर यातले फारसे काहीच नाही.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की जमीन जनतेची असेल तर राहायचे पैसे कसले? शिवाय पैसे भरणाऱ्याला सात महिने आणि न भरणाऱ्याला चौदाच दिवस, हा दुजाभाव आहे. पहिला मुद्दा मला पटत नाही. हजारो गाड्यांचा मैला आणि कचरा कुणीतरी उचलायचा असतो, आणि महिनोन्महिने राहणारा माणूस इतरांची जागा अडवतोच. वर्दळ ठरावीक जागी एकवटली म्हणून बाकीचे वाळवंट वाचले. दुसरा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो ज्यांना घरच नाही त्यांना सर्वांत जास्त बोचतो.

चौदा दिवसांच्या मोजणीतही गोंधळ होतो. ॲरिझोनात सलग २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवस, आणि मग किमान २५ मैल दूर जायचे. शेजारच्या तळावर सरकलो म्हणजे मोजणी नव्याने सुरू झाली, असे होत नाही. इतरत्र अंतर निराळे असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी त्या भागाच्या कार्यालयात विचारलेले बरे. मित्रांचा कंपू कितीही जुना असो, मर्यादा सगळ्यांना सारखीच. आपापल्या खर्चाने जमलेल्या मित्रांना वेगळा परवाना सहसा लागत नाही. जाहिरात करून, पैसे घेऊन मेळावा भरवला की तो लागतो.

ही सीमारेषा पुढे धूसर झाली. २०११ मध्ये क्वार्ट्झसाइटजवळ गाडीतच राहणाऱ्यांचा एक छोटा मेळावा सुरू झाला आणि काही वर्षांत तिथे हजारो लोक येऊ लागले. त्यांतल्या अनेकांना घरभाडे परवडत नव्हते. करोनाकाळात घरून काम करणाऱ्या तरुणांची भर पडली.

जून २०२५ मध्ये सिनेटमध्ये पश्चिमेकडच्या ११ राज्यांतली काही सार्वजनिक जमीन विकण्याचा प्रस्ताव आला. पुढे तो आक्रसत वस्तीपासून ५ मैलांच्या आतल्या जमिनीवर आला. गावाला खेटलेले तळ नेमके अशाच जमिनीवर असतात. शिकारी, मासेमार आणि आरव्हीवाले एरवी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, पण या वेळी सगळे एका बाजूला उभे राहिले. महिना संपण्याच्या आत प्रस्ताव मागे घेतला गेला. जमीनविक्रीची मागणी करणारे लोकप्रतिनिधी मात्र अजून सभागृहात आहेत.