पाठीची फाईल आणि पोटाची फाईल

कंबर दुखू लागली की आपल्याकडे रक्ताच्या दोन तपासण्या हमखास होतात, युरिक ॲसिड आणि आरए फॅक्टर. त्या नॉर्मल आल्या की ‘संधिवात नाही’ असा निकाल घरातल्या घरात लागतो आणि ठपका खुर्चीवर, गादीवर किंवा मोटारसायकलवर ठेवला जातो. हा निकाल फसवा आहे. पहिली तपासणी गाउटची, दुसरी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची. मणक्यांना आणि माकडहाडाच्या वरच्या सॅक्रोइलियाक सांध्यांना सूज आणणारा जो दाहक संधिवात आहे, ज्याचे ठळक रूप म्हणजे ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस, त्यात या दोन्ही तपासण्या बहुधा नॉर्मलच असतात.

एक प्रातिनिधिक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. वय 28. पहाटे चारच्या सुमारास पाठीच्या ठणक्याने जाग येते, कूस बदलताना कण्हावे लागते. सकाळी पलंगाच्या कडेवर बसून मोजे चढवायचे तर वाकता येत नाही. तासाभराने पाठ मोकळी होऊ लागते, कामाच्या धावपळीत दुखणे विसरलेही जाते, आणि रविवारी दुपारपर्यंत लोळून ‘आराम’ केला की ते नेमके वाढते. दुखणे कधी उजव्या कुल्ल्यात, कधी डाव्या, म्हणून कोणीतरी त्याला सायटिका म्हटले आहे. त्याच घरात दुसऱ्या पिशवीत दुसरी फाईल आहे: वर्षातून दोन-तीनदा आठवडेच्या आठवडे चालणारे जुलाब, आव, संडासातून रक्त, कमी झालेले वजन. तिच्यावर मूळव्याधीचा शिक्का आहे. पाठीच्या डॉक्टरांना पोटाची फाईल कोणी दाखवत नाही, कारण पाठीचा आणि पोटाचा संबंध असेल असे रुग्णाला वाटतच नाही.

साधी उसण वजन उचलताना भरते, पडून राहिले की उतरते आणि काही आठवड्यांत विसरते. दाहक कंबरदुखी हळूहळू, बहुधा वयाच्या पंचेचाळिशीच्या आत सुरू होते, तीन महिन्यांहून अधिक टिकते, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त राहतो, हालचालीने बरे वाटते आणि विश्रांतीने नाही. टाचेच्या मागचा ठणका किंवा उजेड सहन न होणारा लाल, दुखरा डोळा ही त्याच कुटुंबातली लक्षणे. असा डोळा आला तर घरातले जुने थेंब न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. पोटाच्या बाजूने पाहता, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त आणि या संधिवातासोबत येऊ शकणाऱ्या क्रोन्स या आतड्याच्या दाहक आजारात होणारे भगंदर यांना ‘पोट बिघडले’ म्हणून सोडून देता येत नाही. गुडघा किंवा घोटा सुजत असेल तर तो बऱ्याचदा आतड्याबरोबर चढतो-उतरतो, पण मणका आपल्या चालीने चालतो: आतडे औषधांनी शांत असतानाही पाठ पेटलेली असू शकते. म्हणून ‘पोट बरे आहे, मग पाठीचे कारण वेगळे’ हा तर्क टिकत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या भागाकडे वळतो. 1973 मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथील गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णांपैकी बहुसंख्यांच्या पेशींवर एचएलए-बी27 हे प्रथिन असते. (आतड्याच्या आजारासोबत येणाऱ्या प्रकारात ते कमी वेळा सापडते, आणि ते असलेल्या बहुतेक माणसांना आजार कधीच होत नाही; तेव्हा ही तपासणी एकटी निकाल देत नाही.) 1990 मध्ये या प्रथिनाचे मानवी जनुक उंदीरवर्गीय रॅट प्राण्यांत घातले, तर त्यांचे सांधे आणि आतडी दोन्ही सुजली. पुढे 1994 मध्ये तेच रॅट पूर्ण जंतुविरहित पिंजऱ्यात वाढवले, तेव्हा आतडीही सुजली नाहीत आणि सांधेही नाहीत. आतड्यातल्या जंतूंशिवाय खेळ सुरूच होत नाही! बेल्जियममधल्या गेंट येथील डॉक्टरांना अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या आतड्यात सूक्ष्म सूज आढळली, पोटाची तक्रार नसतानासुद्धा.

दुवा साधणारी साखळी अशी मानली जाते: आतड्याच्या अस्तरापाशी जंतूंमुळे चेतलेल्या पेशी इंटरल्युकिन-23 हा संदेश सोडतात; कंडरा आणि अस्थिबंध हाडात जिथे रुजतात तिथे, म्हणजे सतत ताण खाणाऱ्या त्या जागी, हा संदेश ऐकणाऱ्या पेशी आधीच बसलेल्या असतात; त्या इंटरल्युकिन-17 सोडतात, सूज येते आणि कालांतराने तिथे नवे हाड वाढून मणके जुळू लागतात. मग उपाय सरळ दिसतो: इंटरल्युकिन-17 अडवा, पाठ आणि पोट दोन्ही शांत होतील. पाठीत ते खरे ठरले, इंटरल्युकिन-17 अडवणारे सेक्युकिनुमॅब आज तिथे वापरले जाते. क्रोन्सच्या रुग्णांवर मात्र 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते निष्प्रभ ठरले, इतकेच नव्हे तर काहींचे पोट बिघडले. कारण आतड्यात इंटरल्युकिन-17 हाच रेणू डागडुजीचे काम करतो: अस्तराच्या पेशींमधले जोड घट्ट ठेवतो आणि बुरशीला आवर घालतो. याच्या उलट, इंटरल्युकिन-12 आणि 23 अडवणारे उस्टेकिनुमॅब क्रोन्समध्ये लागू पडते, मणक्यात त्याने निराशा केली. टीएनएफ हा सूज आणणारा आणखी एक संदेश अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब आणि ॲडालिमुमॅब दोन्हीकडे चालतात, पण त्याच गटातले इटानरसेप्ट सांध्यांना उपयोगी असून क्रोन्समध्ये निरुपयोगी. म्हणजे पोटाची फाईल न पाहता पाठीचे औषध निवडले, तर एकीकडची आग विझवताना दुसरीकडची भिंत ढासळू शकते. दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनाही हे लागू आहे. पाठीला त्यांनी छान आराम पडतो, आतड्याचा आजार मात्र भडकू शकतो.

आतडे आणि सांधे यांचे नाते सिद्ध झाले, म्हणून ‘पोट साफ करा, सांधे मोकळे होतील’ हा धंदाही तेजीत आहे. डिटॉक्सचे काढे आणि एनिमाची पाकिटे यांनी इंटरल्युकिनची साखळी तुटत नाही. पाठ कडाकड मोडून देणाऱ्यांपासून तर लांबच राहावे, कारण जुळत चाललेला मणका ठिसूळ असतो आणि किरकोळ झटक्यानेही मोडू शकतो.

तपासणीत साधा एक्स-रे सुरुवातीची काही वर्षे स्वच्छ दिसू शकतो. सॅक्रोइलियाक सांध्याचा एमआरआय सूज लवकर दाखवतो, आणि शौचाच्या नमुन्यातले कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन आतड्याच्या सुजेचा अंदाज देते. भारतात आणखी एक अडचण आहे. लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरचा क्षयरोग हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो आणि मणक्याचा क्षयरोगही पाठ धरतो, शिवाय टीएनएफ अडवणारी औषधे झोपलेल्या क्षयाला जागे करू शकतात. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची त्वचा किंवा रक्तचाचणी केली जाते. या टप्प्यावर संधिवाततज्ज्ञाने घरात कोणाला टीबी झाला होता का असे विचारले, तर आजोबांचा खोकलासुद्धा आठवून सांगावा.