अर्ध्या मिलिसेकंदाआधीचा पाव सेकंद

गोल्फचा चेंडू आणि ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा क्लब (गोल्फची काठी), एकमेकांना जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटलेले असतात. पापणी लवायला याच्या किमान दोनशेपट वेळ लागतो. एवढ्यात ४६ ग्रॅमचा चेंडू जागेवरून उठून, मारणारा व्यावसायिक खेळाडू असेल तर, ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. न्यूटनच्या नियमाने हिशेब केला तर चेंडूवर सरासरी बल पडतं सुमारे सातशे किलो वजनाएवढं. हे बल मनगटातून येत नाही. येऊच शकत नाही. आघात झाल्याची खबर क्लबच्या शाफ्टमधून, म्हणजे दांड्यातून, हातापर्यंत आणि तिथून मेंदूपर्यंत पोहोचते, तोवर चेंडू कधीच निघून गेलेला असतो.

तरीही खारघरला पांडवकड्याच्या बाजूच्या सिडकोच्या गोल्फ कोर्सवर कुठल्याही रविवारी सकाळी जा, नवख्याला मिळणारा सल्ला एकच: ‘अजून जोर लाव!’ मग तो बिचारा दात-ओठ खाऊन, खांदे आवळून, क्लब गळा दाबल्यासारखा धरून मारतो आणि चेंडू उजवीकडे झुडपात जातो. सल्ला देणाराही काही वेगळं करत नसतो. त्याला फक्त सवय झालेली असते.

आपल्याकडचा हा घोटाळा बराचसा क्रिकेटमधून येतो, असं माझं मत आहे. ठाणे-नवी मुंबईत गोल्फकडे वळणारा माणूस बहुतेक वेळा आधी वीस-पंचवीस वर्षं टेनिस बॉल क्रिकेट खेळून आलेला असतो. क्रिकेटमध्ये चेंडू स्वतःचा वेग घेऊन येतो आणि बॅट किलोभराहून जड असते. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ताशी १४० च्या चेंडूला बॅटची नुसती कड लागली तरी तो स्लिपच्या डोक्यावरून सीमापार जातो, कारण ती ऊर्जा गोलंदाजाने दिलेली असते. शिवाय चेंडू कुठे पडेल ते आधी माहीत नसतं. म्हणून फलंदाजाला शेवटच्या क्षणी खालच्या हाताने फटका वळवावा लागतो, आणि तो हात फार शहाणा होतो. गोल्फमध्ये चेंडू टी नावाच्या छोट्या खुंटीवर शांत बसलेला. उधारीची ऊर्जा नाही आणि ऐनवेळी वळवण्याची गरजही नाही. तिथे तो शहाणा हात फक्त लुडबुड करतो.

आता क्लबच्या डोक्याकडे, म्हणजे चेंडूवर आदळणाऱ्या टोकाकडे, पाहू. ड्रायव्हरचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं असतं. चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, असा नियम आहे. डोक्याचा पत्रा किती उसळी देऊ शकतो, यालाही नियमांनी लगाम घातला आहे. हा उसळीचा गुणांक ०.८३ च्या आसपास अडवलेला आहे. शाळेतलं संवेगाचं गणित मांडलं तर चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या दीडपटीला टेकतो. त्यापुढे नाही. कितीही महागडा ड्रायव्हर घ्या, दीडपटीची ही भिंत तिथेच राहते. डोकं दुप्पट जड केलं तर? गुणोत्तर १.४९ वरून १.६४ वर जातं, म्हणजे फायदा फक्त दहा टक्के. आणि चारशे ग्रॅमचं डोकं तितक्याच वेगाने फिरवणं कोणाला जमायचं नाही. म्हणून डोकं हलकं आणि वेग जास्त, हाच सौदा शेवटी सगळ्यांनी पत्करला.

ही दीडपट मिळते चेंडू पत्र्याच्या बरोबर मध्यावर लागला तरच. हौशी खेळाडूचा क्लब ताशी १५० किलोमीटरने फिरतो असं धरा. नेमका मध्यावर लागला तर चेंडू ताशी सव्वादोनशेच्या जवळ जातो. दोन सेंटिमीटर बाहेर लागला की डोकं हातात किंचित वळतं, ऊर्जा त्या वळण्यात जाते आणि गुणोत्तर १.४ च्या खाली घसरतं. पंधरा-वीस यार्ड तिथेच गेले. तेवढे यार्ड निव्वळ वेग वाढवून परत मिळवायचे तर ताशी दहा-बारा किलोमीटर जादा लागतील, आणि त्यासाठी जिममध्ये काही महिने घालवावे लागतील. थोडक्यात, ज्याचा फटका मधोमध लागत नाही त्याने वेगाच्या मागे लागणं मला पटत नाही. पत्र्यावर पायाला लावायच्या पावडरचा थर मारा, चार चेंडू मारा आणि ठसे कुठे उठतात ते बघा. फुकटात होतं.

वेग येतो कुठून, हा खरा मजेचा भाग. व्यावसायिक खेळाडूच्या क्लबचं डोकं सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास जातं. त्यात २५० ज्यूल ऊर्जा असते. खाली येणाऱ्या स्विंगला, म्हणजे क्लबच्या झोक्याला, वेळ लागतो सुमारे पाव सेकंद. म्हणजे नुसत्या डोक्याला सरासरी एक किलोवॅट शक्ती द्यावी लागली, आणि हात, शाफ्ट, धड फिरवायला लागली ती वेगळीच. एवढी शक्ती दंडाच्या आणि पुढच्या हाताच्या स्नायूंत नसते. ती मांड्या, नितंब, पोट आणि पाठ यांच्या मोठ्या स्नायूंत असते. अडचण अशी की हे स्नायू ताकदीचे, पण सावकाश हलणारे. कमरेचा वेग आणि क्लबच्या टोकाचा वेग यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. ते अंतर भरून निघतं क्रमाने.

वाशीच्या खाडीत पाग टाकणारा कोळी कधी बघितला आहे का? जाळं कडेला शिसाच्या गोळ्यांनी जड झालेलं असतं. नुसत्या हाताने भिरकावलं तर ते गोळा होऊन पुढ्यात पडेल. तो आधी पाय रोवतो, मग कंबर वळते, तिच्यामागून खांदा येतो, शेवटी हात सैल सुटतो आणि जाळं गोल पसरत लांब जातं. चांगल्या गोल्फ स्विंगचा आलेख काढला तर नेमका हाच क्रम दिसतो. आधी कंबरेचा वेग शिखरावर जातो आणि ती मंदावते, मग छाती, मग हात, सर्वांत शेवटी क्लब. प्रत्येक भाग मंदावताना आपली ऊर्जा पुढच्या, हलक्या भागाच्या पदरात टाकतो, आणि हलक्या भागात तीच ऊर्जा जास्त वेग देते. उत्तम खेळाडूचे हात चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच मंदावू लागलेले असतात, हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. आपल्याला वाटतं हात शेवटपर्यंत पळवायचे. पण हात मंदावले नाहीत तर क्लबला द्यायला ऊर्जा येणार कुठून?

भौतिकशास्त्रात याला जोडलोलक म्हणून मांडतात. खांद्यापासून मनगटापर्यंत एक दांडा, मनगटापासून पुढे दुसरा, मध्ये बिजागरी. स्विंग वरून सुरू होताना मनगटाचा कोन जवळपास काटकोन असतो. हात खाली येतात तसा क्लब बाहेर फेकला जाऊ लागतो आणि कोन आपोआप उघडतो. मनगटाने जोर लावून तो उघडायची गरज नसते. उलट, घाईने तो आधीच उघडला, तर वजन सुरुवातीलाच लांब जातं, सगळी साखळी जड होते आणि चेंडूपाशी येईपर्यंत वेगाचा बार फुसका निघालेला असतो. नवख्यांचा सगळ्यात मोठा तोटा इथे होतो. आणि कोन लवकर उघडतो तो बऱ्याचदा पकड घट्ट असल्यामुळे, कारण आवळलेलं मनगट बिजागरीचं काम करूच शकत नाही.

दुसरी गोष्ट सुरुवातीची. क्लब अजून मागे जात असतानाच चांगल्या खेळाडूची कंबर पुढे वळायला लागलेली असते. त्या क्षणी धड दोन दिशांना ताणलं जातं. ताणलेला स्नायू लगेच आकसला तर निवांत अवस्थेतून आकसण्यापेक्षा जास्त जोर देतो. उंच उडी मारण्याआधी आपण नकळत गुडघ्यात वाकतो, तेही याचसाठी. मात्र वर पोहोचून थांबलात की ताणाचा फायदा विरून जातो. म्हणून बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे नेणं, हळू करायला हरकत नाही, पण माथ्यावर दम खाऊ नये.

मग जमीन. बळ शेवटी तळव्यातून येतं, कारण जमिनीला रेटल्याशिवाय शरीर फिरतच नाही. उजव्या हाताच्या खेळाडूचं वजन खाली येताना डाव्या पायावर सरकतं आणि आघाताच्या जरा आधी डावा गुडघा सरळ होत जमिनीला खाली ढकलतो. लांब मारणारे खेळाडू त्या वेळी स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक बलाने जमीन दाबतात. काहींची डावी टाच तर उचललेली दिसते. या उठण्याने डावा खांदा वर जातो आणि हात किंचित आत, वरच्या बाजूला ओढले जातात. पन्नास मीटर प्रतिसेकंद वेगाने गोल फिरणारं २०० ग्रॅमचं डोकं तेव्हा हातांना तीसेक किलोच्या ओढीने बाहेर खेचत असतं. त्या ओढीविरुद्ध हात चार-पाच सेंटिमीटर जरी आत आले, तरी क्लबवर काम झालं आणि त्याची ऊर्जा वाढली. शेवटच्या क्षणी मनगटापेक्षा पाय जास्त कामाला येतात ते असे.

चेंडू निघाल्यावर पुढचं काम हवेचं. एडिनबर्गचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पी. जी. टेट यांनी १८९० च्या दशकात चेंडूला लांब फीत बांधून तो मातीच्या भिंतीवर मारून बघितला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजले. चेंडू उलट गिरकी घेत जातो आणि त्या गिरकीमुळे हवा त्याला उचलून धरते, हे त्यांनी दाखवलं. ड्रायव्हरने मारलेला चेंडू मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे घेतो. फेरे फार वाढले तर तो फुग्यासारखा वर चढतो आणि तिथल्या तिथे पडतो. म्हणून ड्रायव्हरने चेंडू खालून वर जाताना मारायचा: चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, टी एवढी उंच की चेंडू क्लबच्या माथ्यावर अर्धा दिसावा. उड्डाणाचा कोन वाढतो, गिरकी घटते, आणि एक कणही जादा ताकद न लावता यार्ड मिळतात. चेंडूवरच्या तीन-चारशे खळग्यांचं कामही हवेशीच आहे. ते हवेचा थर चेंडूला जास्त वेळ चिकटून ठेवतात आणि मागे राहणारी पोकळी लहान करतात. गुळगुळीत चेंडू याच्या जेमतेम निम्मा जाईल.

जाता जाता एक गैरसमज. आपल्या दमट हवेत चेंडू ‘जड’ जातो, असं इथे सर्रास म्हणतात. पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असल्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच असते. फरक एखाद्या यार्डाचा, पण आपल्या बाजूचा. पावसाळ्यात अंतर कमी पडतं ते ओल्या जमिनीवर चेंडू घरंगळत नाही म्हणून.

कंबरेबद्दल मात्र सावध. गोल्फमध्ये सर्वाधिक दुखावते ती पाठीची खालची बाजू. कंबरेचे पाच मणके मिळून एका बाजूला फार तर दहा-बारा अंश वळतात; बाकीचं वळण खुब्यातून आणि छातीच्या मणक्यांतून यायला हवं. ऐरोली-महाप्यात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचे खुबे आखडलेले असतात, मग तो बिचाऱ्या कंबरेकडून वळण मागतो. अशा माणसाला ड्रायव्हर बदलण्यापेक्षा रोज दहा मिनिटं खुब्याचे व्यायाम जास्त यार्ड देतील. आणि यार्ड नाही मिळाले तरी बिघडत नाही: टोकियो ऑलिम्पिकमध्ये साठ खेळाडूंत चौथी आलेली अदिती अशोक लांब मारणाऱ्यांपैकी नव्हती. तिने ती मजल मारली ती मुख्यतः पटिंगच्या, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून भोकात घालण्याच्या, जोरावर.

क्रम जमतोय का हे ओळखायला मोबाइलचा स्लो मोशन उपयोगी पडतो, पण मर्यादेत. सेकंदाला २४० चित्रं घेतली तरी दोन चित्रांमध्ये चार मिलिसेकंद जातात, तेवढ्यात हौशी खेळाडूचा क्लबसुद्धा सतरा-अठरा सेंटिमीटर सरकतो. आघात त्यात सापडला तर नशीब. बघायचं ते वेगळंच: क्लब चेंडूपाशी येताना पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे वळायला लागलंय का, की अजून चेंडूकडेच तोंड करून आहे. याहून स्वस्त परीक्षा कानाची. ड्रायव्हर उलटा धरा, डोक्याकडून, आणि हवेत फिरवा. सूं असा आवाज होतो. तो उजव्या खांद्यापाशी ऐकू आला तर वेग आधीच खर्च झाला. चेंडूच्या जागेवर किंवा थोडा पुढे आला तर क्रम बरोबर. सोसायटीच्या गच्चीवर करता येतं. घरात करायचं असेल तर आधी पंख्याची उंची बघा.