कॅमेरा घरी ठेवा, पानं घेऊन या

शहापूरच्या आमच्या डार्करूममध्ये हाताने फिल्म करायला येणाऱ्यांसाठी

कॅमेरा कुठला आणू, असं जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. कुठलाच आणू नका. वस्तू थेट फिल्मवरच ठेवायची असते. १९२३ मध्ये पॅरिसला मॅन रे या अमेरिकन कलाकाराने फिल्मच्या पट्ट्यांवर मीठ-मिरपूड भुरभुरली, टाचण्या पसरल्या आणि क्षणभर दिवा लावला. झाकलेलं तेवढं पांढरं राहिलं, बाकी काळं झालं. आपणही तसंच करतो. आपली कृष्णधवल प्रिंट फिल्म लाल उजेडाला दाद देत नाही, म्हणून लाल दिव्याखाली निवांत मांडणी करता येते.

पण आमचा जीव रमतो तो पानांत. कारेल डोइंग या डच कलाकाराने रुजवलेल्या या पद्धतीला डार्करूमही लागत नाही. पाण्यात धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) आणि व्हिटॅमिन सी विरघळवायचं, त्यात पानं भिजवायची, फिल्मवर दाबून बसवायची आणि पट्टी उजेडात ठेवायची. पानाचा रस आणि ते पाणी मिळूनच डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, होतो. पान टेकलं तिथे फिल्म काळी पडते, शिरान् शिर उमटते. मग हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि भरपूर पाणी. आंब्याचं कडक पान नीट टेकत नाही. पुदिना, कोथिंबीर किंवा खानापूरकडचे पावसाळी नेचे आणा. फिल्मची कुठली बाजू वर, हे कळायला पट्टीचं टोक ओलसर बोटाने चाचपा: चिकटते ती बाजू आपली.

१६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी, सेकंदाला २४ पळतात. म्हणजे तीन इंची पान पडद्यावर अर्धा सेकंदही टिकत नाही! म्हणून एकाच झाडाची पुष्कळ पानं आणा. शंभर फुटांचं रीळ भरलं, की पावणेतीन मिनिटं सळसळ बघायला मिळते.

जून-जुलैत घाई करू नका. गेल्या पावसात आम्ही एक पट्टी रात्रभर वाळवून सकाळी गुंडाळली. आतून ओलीच होती, थर एकमेकांना चिकटले आणि एका मुलीचं दोन दिवसांचं काम गेलं. त्याची रुखरुख अजून आहे. आता पावसाळ्यात दोन दिवस पट्टी दोरीवरून काढत नाही.

वापरलेल्या हायपोत फिल्मवरची चांदी उतरलेली असते. आजूबाजूला विहिरी आहेत, म्हणून ते पाणी मोरीत ओतू देत नाही, कॅनमध्ये साठवतो. घरी प्रयोग केलात तर तुमचा हायपोही बाटलीत भरून आणून द्या, त्याचे पैसे घेत नाही.

येताना जुने कपडे घाला. पानं ओल्या फडक्यात गुंडाळा.