किती दिवस चालू ठेवायचं? पेशी तरुण करण्यातला खरा पेच

त्वचेतल्या पेशीत आणि मेंदूतल्या पेशीत डीएनए एकच असतो. कोणती जनुकं उघडी आणि कोणती मिटलेली, एवढाच फरक. जनुक मिटवण्याचा एक मार्ग म्हणजे डीएनएतल्या सायटोसिन या घटकाला चिकटणारा मिथाइल हा छोटा रासायनिक गट. वय वाढतं तशा या खुणा काही ठरावीक जागी वाढतात आणि काही जागी पुसल्या जातात. हा बदल इतका नियमित असतो, की २०१३ मध्ये स्टीव्ह हॉर्वाथ यांनी अशा ३५३ जागा मोजून माणसाचं वय साधारण साडेतीन-चार वर्षांच्या फरकाने सांगणारं गणित, म्हणजे पेशींच्या वयाचं एक 'घड्याळ', मांडलं.

हे घड्याळ मागे फिरवता येतं. २००६ मध्ये क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकांची यादी घेतली, एकेक वगळून पाहिलं आणि चारांवर आले: ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. ही चार चालू केली की उंदराच्या त्वचेतली साधी पेशी भ्रूणातल्या मूलपेशीसारखी (स्टेम सेल, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणारी) होते. अशा पेशींचं हॉर्वाथ घड्याळावरचं वय शून्याच्या आसपास येतं.

पण वयाबरोबर ओळखही जाते. आपण यकृताचे की त्वचेचे, हे पेशी विसरते. अशा पेशी उंदरात टोचल्या तर टेराटोमा होतो, म्हणजे कूर्चा, चेतापेशी, आतड्यासारखं अस्तर असं सगळं एकाच गाठीत. शिवाय सी-मिक हे मुळातच कर्करोगाशी जोडलेलं जनुक आहे. या पेशी वापरून जन्माला घातलेल्या उंदरांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात, सी-मिक पुन्हा जागं झाल्यामुळे, गाठी आढळल्या होत्या.

मग अर्ध्यावरच थांबलं तर? त्यासाठी उंदरांच्या जनुकांत अशी रचना बसवतात, की पिण्याच्या पाण्यात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक असेपर्यंतच ही चार जनुकं चालतात. पाणी बदललं की बंद. खरा प्रश्न दिवसांचा आहे.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत अकाली वार्धक्य येणाऱ्या उंदरांना दोन दिवस औषध, पाच दिवस खंड, असं आवर्तन दिलं. त्यांचं सरासरी आयुष्य सुमारे १८ आठवड्यांवरून २४ वर गेलं. औषध सलग दिलं तेव्हा मात्र उंदीर वजन घटून काही दिवसांतच मेले. हे उंदीर आजारी होते, निरोगी म्हातारे नव्हेत. बातम्यांत हा तपशील हटकून गळतो.

त्याआधीचा, २०१४ चा एक जपानी प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. तिथे औषध सात दिवस देऊन थांबवलं. उंदरांच्या मूत्रपिंडात लहान मुलांच्या विल्म्स गाठीसारख्या गाठी झाल्या. त्यांत नेहमीची कर्कजन्य उत्परिवर्तनं सापडली नाहीत. बिघडल्या होत्या त्या मिथाइल खुणा. त्याच गाठींच्या पेशी पूर्णपणे मूलपेशी केल्या, तर त्यांच्यापासून सामान्य मूत्रपिंडही घडलं. म्हणजे जुनी ओळख पुसली गेली आहे आणि नवी बसलेली नाही, ही अधांतरी अवस्थाच धोक्याची.

प्रयोगशाळेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींचं गणित आणखी वेगळं. केंब्रिजजवळच्या बाब्रहाम संस्थेने २०२२ मध्ये मानवी त्वचेच्या पेशींना १३ दिवस ही जनुकं दिली. पेशी घड्याळानुसार सुमारे ३० वर्षांनी तरुण झाल्या आणि नंतर पुन्हा त्वचेच्याच बनल्या. हे १३ दिवस जिवंत शरीरात उतरवता येत नाहीत, कारण आतडं, यकृत आणि स्नायू एकाच वेगाने बदलत नाहीत. त्वचेला जेमतेम पुरणारी मात्रा यकृताला जीवघेणी ठरू शकते.

म्हणूनच डोळा आधी निवडला गेला. तो बंदिस्त आहे, जनुकं आत पोचवणारा विषाणू-वाहक थोडाच लागतो आणि दृष्टिपटलातल्या चेतापेशी विभागत नाहीत. २०२० मध्ये हार्वर्डच्या गटाने सी-मिक वगळून उरलेली तीन जनुकं दिली. उंदरांचे चिरडलेले दृष्टितंतू पुन्हा वाढले, काचबिंदूत गेलेली दृष्टी काही अंशी परतली. मिथाइल खुणा काढणारी टेट-१ आणि टेट-२ ही विकरं कमी केली, की हा परिणाम दिसेना.

'स्टेम सेलने तारुण्य' अशा जाहिरातींतली इंजेक्शनं आणि हे संशोधन यांचा संबंध नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सारे वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतात. कुणी असा उपचार सुचवला, तर त्या चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागावा. तो संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो.