निळं पाणी आणि १० डॉलरचं घड्याळ

सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीत ते निळं पाणी का ओततात हा प्रश्न टीव्ही बघणाऱ्या कुठल्याही बाईला कधी ना कधी पडतोच, आणि लहान मुलांना तर शाई टिपायचंच काहीतरी आहे असं वाटत असणार. अमेरिकेत १९७२ पर्यंत टीव्हीवर या जाहिरातींना बंदीच होती, 'पीरियड' हा शब्द तिथल्या जाहिरातीत पहिल्यांदा ऐकू आला १९८५ मधे, आणि लाल रंग दाखवायची हिंमत ब्रिटनमधे बॉडीफॉर्म या पॅडच्या ब्रँडने केली ती थेट २०१७ साली. म्हणजे वस्तू बायकांची, विकत घेणार बायका, आणि संकोच मात्र भलत्याच कोणाचातरी जपायचा!

'बायकांना कशी जाहिरात आवडते' हा प्रश्नच मला वाकडा वाटतो. का ते सांगते.

कॅथलीन व्होस, जयदीप सेनगुप्ता आणि डॅरेन डाल या तिघा संशोधकांनी कॉलेजच्या मुलामुलींना लेडीज घड्याळाची जाहिरात दाखवली, काहींना मागे उघडंवाघडं कामुक चित्र, काहींना नुसते डोंगर, आणि किंमत कुठे १० डॉलर तर कुठे १२५०. आधी १० आकडे पाठ करायला लावले होते, म्हणजे डोकं त्यात गुंतलेलं आणि मनात पहिलं येईल तेच तोंडातून बाहेर पडावं. तर कामुक चित्र आणि घड्याळ स्वस्त, हे एकत्र आलं की मुली वैतागल्या, त्यांना किळस वाटली. पण तेच चित्र १२५० डॉलरच्या घड्याळामागे असलं तर राग बराच कमी. डोंगरवाल्या जाहिरातीत किमतीने काही फरक पडला नाही, आणि मुलांना तर कशानेच नाही. संशोधकांचं म्हणणं असं की जवळीक ही मोलाची गोष्ट, ती फुटकळ मालाला चिकटवली की बायकांना ते खटकतं. हे स्पष्टीकरण पटो न पटो, चित्र तेच आणि बघणाऱ्याही तशाच, फक्त किमतीचा आकडा बदलला आणि मत फिरलं, हे खरं.

बरं, अशी चित्रं घालून माल तरी जास्त खपतो का? ५३ प्रयोगांचा एकत्र हिशोब २०१५ मधे आला, त्यात असं काही दिसलं नाही, उलट सेक्स आणि मारामारीच्या सोबतीत दाखवलेला ब्रँड लोकांच्या कमी लक्षात राहतो. लक्ष देऊन देऊन किती देणार, शरीराकडे बघायचं की डबीवरचं नाव वाचायचं?

मला सगळ्यात चटका लावून गेला तो २००२ चा प्रयोग. गणितात हुशार असलेल्या मुलींना दोन जाहिराती दाखवल्या: एकीत पिंपल्सचं औषध मिळालं म्हणून एक बाई आनंदाने पलंगावर उड्या मारतेय, दुसरीत एकीच्या तोंडाला ब्राउनी मिक्स बघून पाणी सुटलंय. गणिताचा संबंध शून्य. पण नंतरच्या परीक्षेत या मुली गणितात मागे पडल्या, आणि निवडायची मुभा दिली तर गणित टाळून भाषेचे प्रश्न घ्यायला लागल्या. आपल्या गटाबद्दलचा ठोकळेबाज समज (इथे 'बायकांना गणित जमत नाही') मनात जागा झाला की कामगिरी घसरते, याला स्टिरिओटाइप थ्रेट म्हणतात. त्यावर पुढे बरेच वाद झाले, काही मोठ्या चाचण्यांमधे तो सापडलाही नाही, त्यामुळे यावरून मीही पलंगावर उड्या मारणार नाहीये.

ब्रिटनने २०१९ मधे बाई-पुरुषांना अशा साच्यात बसवणाऱ्या जाहिरातींवर नियमच आणला. पहिल्या फटक्यात सापडलेल्या दोनांपैकी एक फोक्सवॅगनची होती: पुरुष अंतराळात तरंगतायत, आणि बाई बाबागाडीशेजारी बाकावर बसलीये.