फर्नेस हवा कोरडी करते का?

डिसेंबरात टोरांटोहून गोव्यात मोपा विमानतळावर उतरलेला पाहुणा आधी ओठांच्या भेगा दाखवतो, मग फर्नेसच्या, म्हणजे गरम हवा खेळवून अख्खं घर तापवणाऱ्या भट्टीच्या, नावाने बोटं मोडतो: म्हणे तीच हवा कोरडी करते. तळघरातला बर्नर, पंखा, भिंतींतून खोल्यांत हवा नेणारे पत्र्याचे डक्ट हे सगळं व्हिडिओ कॉलवर घरोघरी पाहून झालंय, त्यात शिरत नाही.

जमिनीखालून गरम हवा रोमनही खेळवत, पण तिला ढकलायला काही नव्हतं. 19व्या शतकातल्या अमेरिकन तळघरांत कोळशाची भट्टी आली तरी हवा हलकी होऊन आपसूकच वर चढायची, म्हणून नळ जाडजूड आणि वरच्या दिशेनेच जाणारे. 1919 मध्ये तिथल्या एका स्त्रीला गॅसवर घर तापवायच्या रचनेचं पेटंट मिळालं. 1930 च्या दशकात विजेचा पंखा जोडला गेला, डक्ट बारीक झाले, आडवेही जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच डक्टमधून उन्हाळ्यात गारवाही येऊ लागला. माझ्या मते ही पद्धत तिथे टिकली ती यामुळेच.

आता तो कोरडेपणा. फर्नेस हवेतलं पाणी काढून घेत नाही. ज्वाळा बंद पेटीत जळते, धूर वेगळ्या नळीने बाहेर जातो, खोलीतली हवा फक्त त्या तापलेल्या पत्र्याच्या बाहेरून फिरते. खरा हिशेब असा: शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 5 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, 20 अंशाला 17. बाहेरची थंड हवा फटींतून आत आली आणि तापली, की वाफ तेवढीच राहते, पण सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकेल त्यातली किती वाफ हवेत आहे तो हिस्सा, 30 टक्क्यांच्याही खाली जाते. आपण जूनमध्ये कपाटात 40 वॉटचा बल्ब लावून ठेवतो तो याच तत्त्वावर. बल्ब पाणी पीत नाही, तरी रेशमी साडीला बुरशी धरत नाही.

मात्र फर्नेस अगदीच निर्दोष नाही. डक्ट गळके असले की घरातल्या दाबाचा तोल जातो, पंखा बाहेरची हवा जास्त ओढतो आणि कोरडेपणा वाढतो. जुन्या भट्ट्यांत पाण्याचं तसराळं ठेवत; हल्लीचा हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर त्याचाच वारस. फटी बुजवायच्या सोडून तो विकत घेणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून खाली बादली लावणं.

1973 च्या तेलटंचाईनंतर लोक फटी बुजवू लागले, आणि दुखणं उलटलं: खिडक्यांवर दव, कोपऱ्यांत बुरशी. 1977 मध्ये कॅनडातल्या रेजायनात बांधलेल्या प्रायोगिक घरात फर्नेसच नव्हती. बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र होतं. पुढे धुरातली वाफही थिजवून तिची उष्णता वापरणाऱ्या फर्नेस आल्या, कार्यक्षमता 90 टक्क्यांपलीकडे गेली. तो आकडा यंत्राचा. माळ्यावरच्या डक्टमधून गळणारी ऊब त्यात धरत नाहीत.

बाकीच्या तक्रारी जुन्याच: आवाज, धूळ, एक खोली भाजते तर दुसरी गार, वीज गेली की गॅस असूनही थंडी. जमेची बाजू म्हणजे घर झटपट तापतं, हवा फिल्टरमधून जाते.

2022 पासून अमेरिकेत गॅस फर्नेसपेक्षा हीट पंप, म्हणजे बाहेरची ऊब विजेच्या जोरावर आत ओढणारी यंत्रं, जास्त विकले जाताहेत. डक्ट तेच. हवा फर्नेसपेक्षा कोमट येते, म्हणून सवय नसलेले कुरकुरतात. ओठ मात्र त्यानेही फुटतात.